तोंड उघडायच्या आधीच कळतं, हा कुठला ते

नीरगाठ

लेकीकडे ये-जा करताना दोहा, दुबई, फ्रँकफर्ट असल्या विमानतळांवर माझे तासन्‌तास जातात. तिथे पुस्तकात लक्ष लागत नाही आणि कॉफीचा भाव पाहिला की ती घशाखाली उतरत नाही. मग उरतो आमचा नवरा-बायकोचा जुना खेळ. समोरून येणारा माणूस कुठल्या देशाचा, हे तो बोलायच्या आत ओळखायचं. तो बोलला किंवा त्याचा पासपोर्ट दिसला की निकाल.

पूर्वी कपड्यांवरून जमायचं. आता जपानी दुकानातलं जॅकेट, फ्रेंच दुकानातली पाठपिशवी आणि व्हिएतनाममध्ये शिवलेले बूट साऱ्या जगाच्या अंगावर असतात. म्हणून मी कपड्यांचा नाद सोडला आणि हातांकडे बघायला लागले. हातात काय आहे, हाताला चाळा कसला आहे.

चिनी काका-काकूंच्या हातात थर्मास. थंड पाणी तब्येतीला वाईट अशी तिकडची पक्की समजूत. त्यांच्या रेल्वेत आणि विमानतळांवर गरम पाण्याचे नळ असतात, त्यामुळे बाहेर पडल्यावर पहिला शोध त्याचाच. थर्मास उरुग्वेवाल्याकडेही असतो, पण तो काखेत दाबलेला. त्याच हातात सुकवलेल्या भोपळ्याचं छोटं भांडं, त्यात येर्बा माते या चहासारख्या पेयाचा पाला आणि वर धातूची नळी. दुसरा हात मोकळा, त्याने तो पोर सांभाळतो, फोन धरतो, बॅग ओढतो. अर्जेंटिनाचे लोकही माते पितात, पण असं काखेत थर्मास मारून अख्खा विमानतळ पालथा घालणारा बहुधा उरुग्वेचा निघतो.

मध्यमवयीन जर्मन जोडपं म्हणजे सँडलमध्ये मोजे, भरपूर खिशांची पँट आणि दोघांची पावसाळी जॅकेटं एकाच दुकानातली, बहुतेक एकाच रंगाची. आभाळ कितीही निरभ्र असो.

आणि आपण? बटणाची प्लास्टिक फाइल! तिकीट, व्हिसा, विमा, हॉटेलचं बुकिंग, मुलाचं निमंत्रणपत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. हे सगळं फोनमध्ये असतंच, तरी फाइल छातीशी. मनगटाला लाल दोरा. साडीवर स्वेटर, त्यावर मंगळसूत्र बाहेर काढलेलं, खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. बॅगेच्या मुठीला जुन्या ओढणीची चिंधी, बॅगेवर मार्करने नाव आणि पिनकोडसकट पत्ता. गेटवर नुसता माईक खरखरला की आपलं अख्खं विमान उठून उभं.

हे टिंगल म्हणून लिहीत नाहीये, माझ्याकडेही ती फाइल आहे आणि मी ती सोडणार नाही. तुम्ही लोकांना कशावरून ओळखता, आणि तुम्हाला कुणी कशावरून ओळखलं, ते लिहा.

पिशवीत_पंचा

हसून हसून पुरेवाट! फाइलला +१००.

एक राहिलं. बॅग चेक-इनच्या रांगेत जमिनीवर उघडी पडलेली, आतून चिवड्याची पुडकी आणि लोणच्याची बरणी इकडून तिकडे बदलणं चालू, आणि काकांच्या हातात घरून आणलेला लोंबता वजनकाटा. हे दृश्य दिसलं की विमान कुठे चाललंय ते बोर्ड बघायची गरज नाही.

इसारतीरी

म्युनिकहून लिहितेय. सँडल-मोज्यांची पिढी आता साठीच्या पुढची. तरुण जर्मन तसे दिसले तर फॅशन म्हणून. पण जर्मन माणूस पकडायचा असेल तर त्याला काहीतरी मोजायला लावा. तो अंगठ्यापासून सुरू करतो. एक म्हणजे अंगठा, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी, तीनला मधलं बोट जोडीला. आपण तीन दाखवताना अंगठ्याने करंगळी दाबून मधली तीन उभी करतो. बेकरीत मी बोटाने ‘एक’ दाखवलं की काउंटरवरच्या बाई क्षणभर थांबून खात्री करून घेतात.

गंमत आमच्या सासूबाईंची. लोकलमध्ये बसून त्या पेरांवर मोजत होत्या. अंगठा एकेका पेरावरून सरकतोय, एका हातावर बारा. समोरचा पोरगा फोन सोडून त्यांच्या बोटांकडेच बघत बसला. शेवटी धीर करून विचारलं, हे काय चाललंय? सासूबाईंना जर्मन येत नाही, त्यांनी त्याचाच हात धरून पेरं दाखवली. जपानी लोक उघडा पंजा मिटत मिटत मोजतात आणि चिन्यांना एकाच हाताच्या खुणांनी दहापर्यंत जाता येतं, हे त्यानंतर मला त्या पोराने सांगितलं.

दुसरी खूण लाल सिग्नल. रात्रीचे अकरा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी पादचारी लाल दिव्याला उभा असेल तर तो इथलाच. लहान मूल आसपास असताना लाल दिव्यात रस्ता ओलांडून बघा, कुणीतरी आजी ऐकवल्याशिवाय राहणार नाही.

लेले_नव्हे

धागा मजेशीर आहे, पण थोडं मीठ टाकतो.

एक, या खेळात बरोबर आलेले अंदाज लक्षात राहतात. जो जर्मन साध्या बुटांत समोरून गेला त्याची नोंदच होत नाही, कारण तो जर्मन असल्याचं तुम्हाला कळलंच नाही.

दोन, आपण ज्याला ‘भारतीय’ म्हणतोय तो नक्की कोण? इस्तंबूलच्या बाजारात ‘नमस्ते, शाहरुख खान!’ अशी हाक येते. माझ्याबरोबर एक श्रीलंकेचा आणि एक ढाक्याचा सहकारी होता, तिघांनाही तीच. कैरोच्या खान अल-खलिली बाजारात शाहरुखच्या जागी अमिताभ, एवढाच फरक. लाहोरचा आणि अमृतसरचा माणूस शेजारी उभे केले तर आपल्याला तरी सांगता येतील का?

आणि उलट बाजू बघा. माझा हॉस्टेलमधला मित्र मिझोराममधल्या ऐझॉलचा. त्याला बँकॉकमध्ये लोक थाई समजून बोलायला लागतात, हे एक वेळ ठीक. ताजमहालाच्या तिकीट खिडकीवर त्याला परदेशी लोकांच्या रांगेत जायला सांगतात आणि तो दर वेळी आधार कार्ड काढून दाखवतो. चेहऱ्यावरून देश ओळखण्याचा खेळ त्याच्याबरोबर खेळून बघा, म्हणजे त्यातली मजा कुठे संपते ते कळेल.

नीरगाठ

लेलेबुवा, ऐझॉलच्या मित्राचा मुद्दा एकदम मान्य. म्हणूनच चेहरा मी खेळात धरत नाही. नाकडोळे आईबापांकडून येतात. मला कुतूहल आहे ते शिकलेल्या गोष्टींचं, म्हणजे उभं राहणं, मोजणं, खाणं, थांबणं.

सुपारी_कातर

‘शिकलेल्या गोष्टी’ यावर खरोखरचं संशोधन झालंय, ते इथे टाकतो.

नलिनी अंबाडी नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. जन्म भारतातला, कारकीर्द अमेरिकेत, शेवटी स्टॅनफर्डला. २०१३ मध्ये गेल्या. क्षणभराच्या दर्शनातून माणसाबद्दल काय काय कळतं हा त्यांचा विषय. अबिगेल मार्श आणि हिलरी एल्फेनबाइन यांच्याबरोबरचा त्यांचा २००३ चा प्रयोग असा: जपानमधले जपानी आणि अमेरिकेत वाढलेले जपानी वंशाचे लोक यांचे फोटो दाखवायचे आणि कोण कुठला ते विचारायचं. वंश एकच, कपडे-प्रकाशयोजना सारखी. चेहरा कोरा असेल तर लोकांना ओळखणं जड जायचं. त्याच चेहऱ्यावर राग, भीती असं काही आलं की अंदाज बरेच सुधारायचे. नाकडोळे तेच, पण ते हलवण्याची लकब देशाची.

२००७ मध्ये त्याच तिघींनी अमेरिकन लोकांना ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन माणसं नुसती चालताना आणि हात हलवताना दाखवली. दोन्हीकडे गोरे, दोन्हीकडे इंग्रजी, पण आवाज बंद. तरी नुसत्या नशिबाने येतील त्यापेक्षा जास्त उत्तरं बरोबर आली. तेव्हा लेले यांचा पहिला मुद्दा बरोबर असला तरी खेळ अगदीच हवेत नाही.

याच्या कितीतरी आधी, १९३४ मध्ये, मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने एक व्याख्यान दिलं होतं. न्यूयॉर्कच्या इस्पितळात आजारी पडला असताना नर्सांची चाल त्याला ओळखीची वाटली. कुठे पाहिली म्हणून डोकं खाजवलं, तर सिनेमात! पॅरिसला परतल्यावर बघतो तर तिथल्या मुलीही तशाच चालायला लागलेल्या, कारण अमेरिकन सिनेमे तिथेही पोचले होते. म्हणजे चालसुद्धा आयात होते.

त्याच व्याख्यानातली फावड्यांची हकिगत माझी विशेष आवडती. पहिल्या महायुद्धात त्याच्या बरोबरच्या इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावड्यांनी खणताच येईना. परिणामी फ्रेंच डिव्हिजनच्या जागी इंग्रज डिव्हिजन आली, किंवा उलट झालं, की दर वेळी ८,००० फावडी बदलावी लागत. खड्डा खणण्यासारख्या कामातही हात आपल्या देशाचाच.

वऱ्हाडी_ठसका

भौ, फावड्याचं समजलं, पण आपल्या मुंडीचं काय? हो नाही, नाही नाही, अशी जी आपण मान डोलावतो ना, तिच्यावरून आपला माणूस अर्ध्या किलोमीटरवरून कळते. बल्गेरियात तर पुरताच घोळ, तिथं मान वरखाली केली की ‘नाही’ अन्‌ आडवी हलवली की ‘हो’. आमच्या ऑफिसचा एक नागपूरकर तिथं सहा महिने होता. समोरचा अन्‌ तो दोघंही दिवसभर मुंडी हलवत बसत, काम मात्र झालं.

अन्‌ ते विमानतळावर स्पीकर लावून व्हिडिओ कॉल! ‘हॅलो, दिसून राह्यलो का मी?’ मग फोन फिरवून अख्ख्या जगाला अख्खा विमानतळ दाखवायचा.

काजूबोंडू

आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात हा खेळ नाही, पोट आहे. मेव्हण्याची मोरजीला शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचं खाण्यापिण्याचं खोपटं. गिऱ्हाईक वाळूत पाय टाकत येतंय तेवढ्यात ठरवावं लागतं की मेनू कुठल्या लिपीतला पुढे करायचा. पोरं बहुतेक झारखंड, कर्नाटक, नेपाळची, पण कामापुरतं रशियन फडाफड बोलतात. मेव्हणा नव्या पोराला एकच शिकवतो: तोंडाकडे बघू नको, आधी पाय बघ.

दणकट पट्ट्यांचे सँडल, पट्ट्यांच्या मधली कातडी पांढरी आणि बाकी पाय करपलेले, वय विशीच्या आसपास, चार-पाच जणांचं टोळकं, म्हणजे इस्रायली. सक्तीची लष्करी नोकरी संपवून सुटलेली पोरं. दिवसाचा भाव विचारतच नाहीत, महिन्याचा विचारतात आणि त्यातही घासाघीस. हरमलला त्यांच्यासाठी हिब्रूत पाट्या आहेत आणि शाक्शुका (टोमॅटोच्या रश्श्यातली अंडी) आता आमच्या आचाऱ्याला पोह्यांइतका सोपा झालाय.

रशियन ओळखायला पायही लागत नाहीत. खाट रिकामी असली तरी तो उभा राहून ऊन घेतो! हात थोडे लांब धरून, डोळे मिटून, सूर्याकडे तोंड करून. थोड्या वेळाने पाठ. रशियात थंडी सरताना लोक नदीकाठच्या किल्ल्याच्या भिंतींना लागून असेच उभे राहतात म्हणे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं प्रार्थना चाललीय. थंडीच्या मोसमात मोरजी-अश्वे पट्ट्यात बोर्श सूप मिळणार नाही अशी शॅक शोधावी लागेल.

ब्रिटिश आमच्याकडे कमी, ते खाली बार्देशात, कांदोळी-कळंगुटला. वयस्कर जोडपी, दरवर्षी तीच खोली, तीच खाट, वेटरच्या पोरांची नावं पाठ. हातात विटेएवढी कादंबरी. खांदे लाल म्हणजे लालभडक, सावलीत या म्हणून सांगितलं तरी ऐकत नाहीत. सकाळी दुधाचा चहा आणि पाव-अंडं-बीन्स.

आणि देशी पाहुणे. जीन्स घालूनच समुद्रात शिरणारे, एकाच रंगाचे छापील शर्ट घातलेली बॅचलर पार्टी, वाळूवर गाडी घालून अडकणारे. त्या शेवटच्या लोकांबद्दल लिहायला बसलो तर संपादक प्रतिसाद उडवतील. पुणे-मुंबईवाला लगेच कळतो. खाट घेण्याआधी विचारतो, ‘खाटेचे वेगळे पैसे की खाल्लं तर फुकट?’

अवांतर: लेले म्हणतात ते आमच्याच घरात आहे. माझा चुलतभाऊ इंग्लंडात स्विंडनला राहतो, तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. आजोबा १९६१ च्या आधी इथे जन्मलेले, त्यामुळे पासपोर्ट पोर्तुगालचा. लिस्बन त्याने विमानतळापुरतं पाहिलंय. इंग्रजांना तो इंडियन वाटतो, इमिग्रेशनला पोर्तुगीज, आणि सुट्टीत इथे आला की शॅकवाला पोरगा त्याच्यापुढे इंग्रजी मेनू ठेवतो. त्याला कुठल्या खान्यात टाकता ते सांगा.

पिशवीत_पंचा

काजूबोंडू, तुमच्या मेव्हण्याला दंडवत. ‘खाटेचे वेगळे पैसे’ वाला मीच असणार.

डोंगरी_चप्पल

वाचत होतो, आता राहवत नाही. काही वर्षं युरोपच्या सहलींवर टूर मॅनेजर होतो, कंपनीचं नाव नको.

आमचा एक बसचालक होता, क्रोएशियाचा. पार्किंगमध्ये उभा राहून दुसऱ्या बसमधून लोक कसे उतरतात त्यावरून देश सांगायचा. जपानी उतरले की आधी झेंडेवाल्या गाइडभोवती गोळा होतात, ती बोलेपर्यंत कॅमेरा बाहेर निघत नाही. अमेरिकन सरळ स्वच्छतागृह आणि कॉफी, तीही मोठ्या पेल्यात, उन्हाळ्यात बर्फ पाहिजेच. इटालियन दारातच सिगारेट पेटवतात, मागचे आत अडकलेले. आणि आपण? उतरल्या उतरल्या बसबरोबरच फोटो! मग कुणीतरी ओरडतं, ‘अरे बंड्या कुठाय?’ बंड्या बसमध्ये झोपलेला असतो.

आपल्या गटाचा त्याने घेतलेला सगळ्यात मोठा धसका म्हणजे वेळ. युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायलाच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं, दंड चालकाला आणि मालकाला. मंडळी चॉकलेटच्या दुकानात अर्धा तास जास्त रमली की हॉटेलला पोचायचं गणित कोलमडतं. हे मी रोज माईकवरून सांगायचो, रोज सगळे माना डोलवायचे (तीच ती मान!), आणि रोज उशीर व्हायचा.

पण स्वित्झर्लंडने आपल्याला ओळखलं ते वेगळ्या प्रकारे. युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, ‘बॉलिवुड’ नावाचं भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट निघालं. टिटलिसवर शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा कटआउट उभा केला, त्याच्याशेजारी फोटो काढायला रांग. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा बसवला. म्हणजे सवयी टिपायच्या आणि त्यातून गल्ला भरायचा.

याची कडू बाजूही आहे. २०१९ च्या जुलैत गश्टाडच्या एका हॉटेलातली फक्त भारतीय पाहुण्यांसाठी लिहिलेली नोटीस गाजली होती. नाश्त्याच्या बुफेतलं बरोबर नेऊ नका, बाल्कनीत आवाज करू नका वगैरे. उद्योगपती हर्ष गोएंकांनी ती ट्विट केली, बराच गदारोळ झाला. मला तेव्हा राग आला नाही असं नाही, पण टिश्यू पेपरमधली उकडलेली अंडी मी रोज बघत होतो. माझं मत एवढंच: सूचना लावायची तर सगळ्यांसाठी लावा. बुफेतून सँडविच बांधून घेणारे गोरे पेन्शनर मी कमी पाहिले नाहीत. त्यांच्या नावाची पाटी कुणी लावत नाही.

जाता जाता, संडासातली पाण्याची बाटली यावरून आपल्याला हसणाऱ्यांसाठी: इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशानुसार घरात बिडे (धुण्यासाठीचं कमोडशेजारचं भांडं) असणं बंधनकारक आहे, आणि फिनलंडमध्ये कमोडशेजारी आपल्यासारखाच हातातला फवारा असतो. इटालियन माणूस लंडनच्या हॉटेलात शिरल्यावर जो पडलेला चेहरा करतो तो सेम आपल्या काकांचा.

लेले_नव्हे

डोंगरी_चप्पल, उत्तम प्रतिसाद. यातच माझं म्हणणं आलं. आपण ज्याला ‘राष्ट्रीय सवय’ म्हणतो त्यातलं निम्मं म्हणजे पहिल्यांदाच कळपाने बाहेर पडल्याची नवलाई आहे. ज्याची पाळी येते त्याला आधी बाहेर पडलेले हसतात.

थॉमस कुकने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला आपली पहिली रेल्वे सहल नेली. पुढे तो इंग्रज कारकून-मास्तरांना इटलीला न्यायला लागला, तेव्हा चार्ल्स लीव्हर नावाच्या ब्रिटिश वकिलातीतल्या माणसाने १८६५ मध्ये लिहिलं की ऑस्ट्रेलिया कैदी घेईना म्हणून सरकार आता ते कुकमार्फत इटलीत सोडतंय. स्वतःच्याच देशबांधवांबद्दल! दुसऱ्या महायुद्धानंतर पाळी अमेरिकनांची: मोठा आवाज, फुलाफुलांचे शर्ट. जपानने १ एप्रिल १९६४ ला सर्वसामान्यांना हौसेखातर परदेशी जायची मोकळीक दिली. पुढची वीस-पंचवीस वर्षं व्यंगचित्रातला जपानी म्हणजे गळ्यात कॅमेरा. दक्षिण कोरियाने १९८९ ला सगळी बंधनं उठवली. २०१३ मध्ये चीनच्या पर्यटन खात्याने आपल्या लोकांसाठी ६४ पानी पुस्तिका काढली, त्यात चारचौघांत नाक कोरू नका, विमानातली लाइफ जॅकेटं घरी आणू नका इथपर्यंत सूचना. आता पाळी आपली.

आणि आजचे जपानी कशावरून ओळखले जातात? फुटबॉलच्या विश्वचषकात सामना संपला की निळ्या पिशव्या काढून स्टेडियममधला कचरा उचलतात, १९९८ पासून. कॅमेऱ्याचा विनोद कुणाला आठवतही नाही.

सुपारी_कातर

लेले, बऱ्याच अंशी सहमत. पण अंगठ्यापासून मोजणं, उभं राहून ऊन घेणं, काखेतला थर्मास यात नवलाईचा संबंध नाही. माणूस शंभरदा परदेशी गेला तरी ते सुटत नाही. आणि रांगेत किती जवळ उभं राहायचं हेही त्यातलंच. २०१७ मध्ये ४२ देशांतल्या सुमारे नऊ हजार लोकांना विचारलं होतं की अनोळखी माणसापासून किती अंतर बरं वाटतं. अर्जेंटिनाचे सगळ्यात जवळ, रोमानियाचे सगळ्यात लांब.

एडिसनची_आत्या

न्यू जर्सीहून. अमेरिकन ओळखायचा तर जेवताना बघा. सुरीने तुकडा कापतात, सुरी ताटात ठेवतात, काटा डाव्या हातातून उजव्यात घेतात, मग घास. युरोपियनचा काटा डावा हात सोडत नाही. जोना मेंडेझ म्हणून सीआयएच्या वेशांतर विभागाच्या माजी प्रमुख आहेत, त्या सांगतात की हेरांना परदेशी पाठवताना हीच सवय मोडावी लागते. दुसरी, उभं राहणं. अमेरिकन माणूस एका पायावर भार टाकून कशाला तरी टेकतो, युरोपियन दोन्ही पायांवर सरळ. आणि काही अमेरिकन तर बाहेर जाताना पाठपिशवीवर कॅनडाच्या झेंड्यावरचं पान लावून जातात, कुणी राजकारणावरून डोकं खाऊ नये म्हणून. त्यामुळे खरे कॅनडावाले वैतागलेत.

पण खरा प्रकार आमच्या पोरांचा. इथे त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले’ विचारतात. पुण्याला आली की लक्ष्मी रोडवरचा दुकानदार तोंड उघडायच्या आत भाव वाढवतो! कपडे मी मुद्दाम तुळशीबागेतले घातले होते, पायात कोल्हापुरी. शेवटी दुकानदारालाच विचारलं, कसं ओळखलं? म्हणाला, ‘ताई, ही दोघं दार उघडून धरून मागच्या बाईची वाट बघत उभी राहिली. आणि गिऱ्हाईक म्हणून आली ती काउंटरपासून दोन हात लांब. आमचं गिऱ्हाईक आधी कोपर टेकतं.’

रस्ता ओलांडताना तर पोरं चक्क गाडी थांबायची वाट बघतात. उभीच आहेत अजून बहुतेक अलका टॉकीजच्या चौकात.

नीरगाठ

आत्या, कोपर टेकण्याचं निरीक्षण कमाल आहे. धागा काढल्याचं सार्थक झालं. काजूबोंडूंच्या चुलतभावासाठी मात्र माझ्या खेळात खाना नाही, तिथे मी हरले.

खुंटावरचा

वाचनमात्र होतो, एक भर घालतो. कामानिमित्त इस्रायलला अश्दोदजवळ होतो, बायकोही आली होती. बाजारात भेंडी मस्त होती. बायकोने सवयीने एक उचलली आणि टोक कट्‌कन मोडून बघितलं. दुसरी उचलली, तिचंही मोडलं. भाजीवाला हिब्रूत काहीतरी गुरगुरला. तेवढ्यात मागून अस्सल कोकणी हेलात आवाज, ‘मोडू नको गं, हा ओरडतो. मी देते निवडून.’

वळून बघतो तर स्कर्ट-ब्लाउजमधल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या ऐंशीच्या पुढच्या आजी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या, मूळच्या अलिबागकडच्या, साठच्या दशकात तिकडे गेलेल्या. बायको जीन्समध्ये होती, कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, आणि आम्ही तोवर एक शब्द बोललो नव्हतो. ‘आजी, तुम्हाला कसं कळलं?’ तर म्हणाल्या, ‘भेंडीचं शेपूट कोण मोडतं? आपणच. इथल्या बायका नुसती दाबून बघतात.’ मग पुढचा प्रश्न, ‘पेणच्या का तुम्ही?’ आम्ही पनवेलचे. फार चुकल्या नाहीत.

एडिसनची_आत्या

खुंटावरचा, आमच्या इथल्या देशी किराणा दुकानात भेंडीच्या खोक्यावर इंग्रजी, हिंदी आणि गुजरातीत पाटी आहे, टोकं मोडू नका म्हणून. मराठीत नाही, त्यामुळे मी मोडते.